पेरूतली अळी आणि कारल्यातली अळी एकच का? (फोटो जोडलेत)

मांडववाला
१९ ऑगस्ट, रात्री ९:४२

राम राम मंडळी.

इंदापूर तालुक्यात आमचा दीड एकर पेरू आहे, तैवान पिंक. शेजारच्या पट्ट्यात वीस गुंठे कारल्याचा मांडव. यंदा पेरूचा आंबे बहार धरला, त्यामुळे माल ऐन पावसात आला आणि व्हायचं तेच झालं. फोम आणि पिशवी घातलेल्या ओळी वाचल्या, उरलेल्या फळमाशीनं धरल्या.

पेरूत मिथाइल युजेनॉलचे (नर माशीला ओढणाऱ्या गंधाचे) सापळे लावलेत. बाटली उघडली की मेलेल्या माश्यांचा थर निघतो. त्याच दुकानातून तेच सापळे आणून कारल्यातही टांगले. तिथं मात्र बाटलीत चार-दोन माश्या, त्याही बहुधा पेरूकडून चुकून आलेल्या. आणि कारली वाकडी होऊन अवेळी पिवळी पडतायत. चिरलं की आत वळवळ.

दुकानदार म्हणतो, "फळमाशी ती फळमाशी, सापळे वाढवा." आमचे आबा म्हणतात, कारल्यातला किडा वेगळाच.

फोटो १: पेरूतल्या अळ्या. फोटो २: कारल्यातल्या, मागून काढलेला. फोटो ३: दोन्हीकडच्या एका बशीत. पांढऱ्या, बिनपायाच्या, सारख्याच लांबीच्या. मला तरी फरक दिसत नाही. जाणकारांनी सांगावं.

---

टवाळभैरव
१९ ऑगस्ट, रात्री ९:५५

पेरूतली गोड, कारल्यातली कडू. चाखून खात्री करा.

---

हापूस_पायरी_रायवळ
१९ ऑगस्ट, रात्री १०:२०

टवाळभैरवाकडे लक्ष देऊ नका, तो प्रत्येक धाग्यावर असाच येतो.

आमच्याकडे रत्नागिरीत मेअखेरीस वळवाचा पाऊस झाला की झाडावर राहिलेल्या आंब्याला माशी लागते. पहिल्या तोडीच्या मालाला एवढा त्रास नसतो. पण आंब्यात काहीही खराब दिसलं की लोक "माशी लागली" म्हणतात, त्यावर माझा आक्षेप आहे. हापूस कापल्यावर मध्ये पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर निघाला तर तो साका. त्यात कीड नसते, तो फळाचा अंतर्गत बिघाड. बाहेरून फळ निर्दोष आणि कोय फोडल्यावर आत किडा, तर तो कोयीतला भुंगा. त्याची अळी जाड, अर्धवर्तुळात वळलेली आणि तपकिरी डोक्याची. माशीच्या अळ्या गरात असतात, कोयीत नाही. तीन वेगळ्या गोष्टी, तीन वेगळे उपाय, आणि फवारणी मात्र सगळ्यांना एकच. असो.

तुमच्या फोटोतल्या माशीच्याच वाटतायत. पुढचं भिंगवाले सांगतील, ते आले की.

---

भिंगवाला
१९ ऑगस्ट, रात्री ११:०८

आलो. (कीटकशास्त्रात एम.एस्सी. केलंय, नोकरी वेगळीच करतो, त्यामुळे असे धागे दिसले की झोप उडते.)

मांडववाले, फोटो २ सगळ्यात कामाचा आहे, कारण त्यात अळीचं मागचं टोक दिसतंय. बहुतेक लोक तिचा पाठीवरून फोटो काढतात आणि त्यातून काही म्हणजे काही कळत नाही.

आधी ही माशीचीच अळी आहे एवढं पक्कं करू. डोकं शोधा. पतंगाच्या किंवा फुलपाखराच्या अळीला टणक, रंगीत, वेगळं उठून दिसणारं डोकं असतं आणि त्याच्यामागे छातीशी पायांच्या तीन जोड्या. पेरू पोखरणारी अळी अशी असते, शिवाय तिच्या भोकातून विष्ठा बाहेर लोंबते. कारल्यावर कधी हिरवी, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असलेली अळी दिसते, तीही पतंगाचीच. भुंग्याच्या अळीला पाय नसले तरी डोकं असतं, वर हापूसरावांनी सांगितलंच. माशीच्या अळीला डोकंही नाही आणि पायही नाहीत.

ती एका टोकाला गाजरासारखी निमुळती होत जाते. त्या टोकाशी दोन बारीक काळे आकडे असतात. तेच तिचं तोंड, त्यांनी ती गर खरवडते. दुसरं टोक बोथट, कापल्यासारखं. त्यावर दोन तपकिरी ठिपके दिसतील. पुष्कळ जण त्यांना डोळे समजतात आणि अख्खी अळी उलटी वाचतात. ती श्वास घ्यायची छिद्रं आहेत. तोंड सतत ओल्या गरात खुपसलेलं, म्हणून नाक मागे.

आता एक घरगुती परीक्षा. पूर्ण वाढलेली, साधारण ८ ते १० मिलिमीटरची अळी कोरड्या ताटलीत मोकळी ठेवा आणि थोडा वेळ बघत बसा. ती अंग वळवून आकड्यांनी स्वतःचं मागचं टोक धरते, ताणते आणि सोडते. टणकन उडी. फळातून निघून कोषासाठी माती गाठायची असते, तेव्हाची ही सवय. उडाली तर फळमाशीच्या कुळातली असण्याची शक्यता दांडगी. सडक्या फळावर घोंगावणाऱ्या चिलटांच्या अळ्या अशा उडत नाहीत. त्या आकारानंही निम्म्याच असतात आणि त्यांची मागची श्वसनछिद्रं छोट्या देठांवर उभी असतात.

तुमच्या दोन्ही अळ्या फळमाशीच्याच कुळातल्या आहेत, एवढं फोटोवरून म्हणतो. जात कोणती ते फोटोवरून सांगणार नाही. दुसरं कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

---

संत्रानगरी
२० ऑगस्ट, सकाळी ७:१५

भिंगवाले भाऊ, आमच्या वरुडकडे संत्र्याला बारीक छिद्र पडते, भोवती गोल डाग, मग फळ गळते. सारे म्हणतात फळमाशी. पण फळ फोडलं तर अळी नाहीच बाप्पा. मग काय समजायचं?

---

भिंगवाला
२० ऑगस्ट, सकाळी ७:५०

रात्री टॉर्च घेऊन बागेत जा. छिद्र आहे, गर त्या जागी कोरडा स्पंजासारखा झालाय आणि अळी नाही, म्हणजे बहुधा रस शोषणारा पतंग. मोठा असतो, मागचे पंख नारिंगी आणि त्यावर काळे पट्टे. संध्याकाळनंतर येतो, सोंड खुपसतो, रस पिऊन जातो. त्याची अळी फळात नसतेच, ती बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर वाढते. फळ गळून सडलं की त्यात चिलटं अंडी घालतात. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणी फोडलं तर आत अळ्या सापडतात आणि नाव फळमाशीचं होतं. म्हणून नमुना नेहमी झाडावरच्या किंवा नुकत्याच पडलेल्या फळातला घ्यावा. पडून सडलेल्या फळातल्या अळ्यांवरून निदान करू नये.

---

संत्रानगरी
२० ऑगस्ट, सकाळी ८:०२

काहून कोणी हे आधी सांगितलं नाही! गुळवेल तर आमच्या बांधावर मायंदाळ हाय. धन्यवाद भाऊ.

---

मांडववाला
२० ऑगस्ट, दुपारी १:३०

उडी मारली! दोन्हीकडच्यांनी. पोरांनी ताटलीभोवती गर्दी केली, आईनं ताटली कायमची बाद करायला सांगितली.

भिंगवाले, पण मग आबांचा प्रश्न तसाच राहिला. कुळ एक कळलं. जात वेगळी का एकच, ते कसं बघायचं? आणि जातीनं फरक तरी काय पडतो? नुकसान तेच.

---

भिंगवाला
२० ऑगस्ट, रात्री १०:४५

फरक तुमच्या सापळ्याच्या बाटलीत पडतो.

आपल्याकडे आंबा, पेरू, चिकू यांवर मुख्यतः तीन जाती. बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस, बॅक्ट्रोसेरा झोनाटा आणि बॅक्ट्रोसेरा करेक्टा. या तिघींचे नर मिथाइल युजेनॉलला वेड्यासारखे येतात. वेलवर्गीय भाज्यांवरची, म्हणजे कारलं, दोडका, काकडी, दुधी, कलिंगड यांवरची मुख्य जात झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. जुन्या पुस्तकांत तिचंही पहिलं नाव बॅक्ट्रोसेराच सापडेल. तिचे नर मिथाइल युजेनॉल हुंगतही नाहीत. त्यांना क्यू ल्यूर नावाचं दुसरं गंधाचं आमिष लागतं. दुकानदारानं सापळे वाढवायला सांगितले, पण मुळात गंधच चुकीचा असेल तर शंभर टांगले तरी काय होणार?

आता अळीवरून जात. ती तीन अवस्थांतून जाते, दोनदा कात टाकते. पहिल्या दोन अवस्थांतल्या अळ्या ओळखायचा प्रयत्न सोडून द्या, कारण ओळखीच्या सगळ्या खुणा तिसऱ्या अवस्थेसाठी लिहिल्यात. तिसऱ्या अवस्थेत मागच्या प्रत्येक श्वसनछिद्रात तीन-तीन चिरा दिसतात, अगदी पहिल्या अवस्थेत दोन. म्हणजे आधी चिरा आणि लांबी, दोन्ही बघून अळी पुरेशी मोठी आहे का ते ठरवायचं. मग पुढच्या टोकाजवळ, दोन्ही बाजूंना पंख्याच्या आकाराची श्वसनछिद्रं असतात, त्यांची बोटं मोजायची. डॉर्सॅलिसला साधारण ९ ते ११, कुकुर्बिटीला १६ ते २०. पण हे साध्या भिंगातून होत नाही, काचपट्टी तयार करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं.

साध्या भिंगानं जमेल अशी एकच खूण आहे. कुकुर्बिटीच्या पूर्ण वाढलेल्या अळीच्या मागच्या टोकावर, श्वसनछिद्रांच्या खाली, एक गडद आडवी रेघ असते. तुमच्या फोटो २ मध्ये ती मला दिसल्यासारखी वाटतेय. पण "वाटतेय" यावर औषध आणू नका. अळी वाढवून माशी होऊ द्या. पंख आणि पाठ बघितली की वाद मिटतो.

---

खरंखोटं
२१ ऑगस्ट, सकाळी ९:१०

एवढा खटाटोप कशाला? पेरूच्या सापळ्यात माश्या पडल्यात ना, त्याच बघा की. अळ्या पाळत कोण बसतंय!

---

भिंगवाला
२१ ऑगस्ट, सकाळी ९:४०

सापळ्यात येतात ते नर. फळाला डंख मारते मादी. सापळा शेजाऱ्याच्या आंब्याखालचे, ओढ्याकाठच्या जंगली झाडांवरचे नरही ओढून आणतो. त्यामुळे सापळ्यात कोण आहे हे कळतं, फळात कोण आहे हे कळत नाही. आणि जी जात त्या गंधाला येतच नाही, ती बाटलीत कधीच दिसणार नाही, मग समजायचं की ती शेतातच नाही? मांडववाल्यांच्या कारल्यात नेमकं हेच चाललंय.

---

बोरीबाभळी
२१ ऑगस्ट, सकाळी १०:०५

सोलापूरकडून याला अनुमोदन. बोरात अळी निघत नाही असं वर्ष आठवत नाही. ती बोराची वेगळी माशी, कार्पोमाया. मिथाइल युजेनॉल लावून बघितलेले लोक आहेत आमच्याकडे, त्यांना विचारा. लहानपणी बोर फोडून बघायचं नाही, सरळ तोंडात टाकायचं हाच नियम होता.

---

गच्चीवरची_बाग
२१ ऑगस्ट, दुपारी ३:२५

अहो, ते बोराचं वाचून पोटात गोळा आला. पेरू खाताना अर्धा खाल्ल्यावर अळी दिसली तर काही होतं का? पुण्यात गच्चीवर एकच झाड आहे, नातवंडं तोडून लगेच खातात.

---

भिंगवाला
२१ ऑगस्ट, दुपारी ४:००

घाबरू नका ताई, विषारी नसते. पण डंखाच्या जागेतून फळात कुजवणारे जंतू शिरतात, म्हणून नासलेला भाग खाऊ देऊ नका. एकच झाड असेल तर फळं सुपारीपेक्षा थोडी मोठी झाली की कागदी किंवा कापडी पिशवी बांधा, मादीला अंडी घालायला जागाच मिळणार नाही. आणि पडलेली फळं कुंडीतल्या खतात टाकू नका. अळ्या मातीत उतरून कोष करतात, मग तुम्हीच माश्या पाळल्यासारखं होईल. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि आठवडा-दोन आठवडे उन्हात ठेवा.

---

मांडववाला
२१ ऑगस्ट, रात्री ८:१५

ठरलं. अळ्या पाळतो. कृती सांगा. आबांनी जुनी बरणी काढून दिलीय.

---

भिंगवाला
२१ ऑगस्ट, रात्री ११:३०

दोन बरण्या लागतील, एक पेरूची आणि एक कारल्याची. मिसळू नका. चिठ्ठीवर पीक, तारीख, बागेतली ओळ लिहून बरणीलाच चिकटवा, झाकणाला नको. झाकणं बदलतात.

तळाला चाळलेली वाळू, चार बोटं. हातात घट्ट दाबली तर मूठ राहील पण पाणी सुटणार नाही एवढीच ओल. वाळूवर जाळीचा तुकडा आणि जाळीवर फळ, म्हणजे सडलेला रस वाळूत कमी उतरेल. रस साचला की अळ्या बुडून मरतात आणि लोक म्हणतात प्रयोग फसला. तोंडाला मलमलचं कापड, त्यावर रबर. कापड विणीनं दाट असू द्या, नाहीतर बाहेरची चिलटं आत शिरून अंडी घालतील आणि पुढं तुम्ही चिलटांची ओळख पटवत बसाल. बरणी सावलीत ठेवा, मुंग्या लागू नयेत म्हणून खाली पाण्याची ताटली.

अळ्या मोठ्या झाल्या की फळ सोडून वाळूत उतरतील. मग वाळू हलक्या हातानं चाळा. तांबूस-तपकिरी, दोन्ही टोकांना गोल, चारपाच मिलिमीटरचे कोष मिळतील. ते नव्या ओलसर वाळूत ठेवा. आत्ताच्या हवेत आठ-बारा दिवसांत माश्या निघायला हव्यात.

माशी निघाली की लगेच मारू नका, ही घाई सगळे करतात. नवी माशी फिकी असते, पट्टे उमटलेले नसतात, सगळ्या जाती सारख्या दिसतात. कापसाच्या बोळ्यावर साखरेचं पाणी द्या आणि तीन-चार दिवस जगू द्या. रंग भरला की बरणी फ्रीझरमध्ये.

काही अळ्या बाजूला काढून जपायच्या असतील तर थेट अल्कोहोलमध्ये टाकू नका, काळ्या पडतात. आधी उकळीच्या जवळ आलेल्या गरम पाण्यात मिनिटभर, मग ७० टक्के अल्कोहोल. कृषी विज्ञान केंद्रात नमुना नेणार असाल तर असाच न्या. अळ्या, कोष आणि माश्या, तिन्ही एका फळातल्या असतील तर तपासणाऱ्याला फार बरं पडतं.

---

टवाळभैरव
२१ ऑगस्ट, रात्री ११:४१

फ्रीझरमध्ये माश्या ठेवायच्या आधी घरच्यांची लेखी परवानगी घ्यावी.

---

सातासमुद्रापार
२२ ऑगस्ट, सकाळी ६:३०

मी कॅलिफोर्नियात असते. हा धागा वाचून अंगावर काटा आला, कारण इकडे ही एक अळी म्हणजे सरकारी आणीबाणी. २०२३ मध्ये रेडलँड्स शहरात डॉर्सॅलिस सापडली. शेवटी २०२४ च्या सुरुवातीला तिथल्या २,००० हून जास्त घरांच्या अंगणातली फळं सरकारी माणसांनी येऊन तोडून नेली. संत्री, लिंबं, सगळी. सापळ्यात एखादा नर सापडला तर फक्त आजूबाजूला सापळे वाढवतात, पण फळात अळी सापडली की माशी इथं पिल्लं घालतेय याचा तो पुरावा धरतात आणि मग आसपासच्या भागात क्वारंटाईन लागतं. कुणाच्या बॅगेत आईनं दिलेले चार पेरू असले तर विमानतळावर ते का काढून घेतात, याचा राग यायचा मला. आता येत नाही.

---

हापूस_पायरी_रायवळ
२२ ऑगस्ट, सकाळी ७:४५

हे आम्हाला चांगलं ठाऊक. १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं भारतातला आंबा बंद केला होता, ऐन हंगामात. सोबत कारलं, पडवळ, वांगं आणि अळू. मालात फळमाशी आणि इतर किडी सापडत होत्या म्हणून. आंब्यावरची बंदी उठायला जानेवारी २०१५ उजाडलं. तोवर तो हंगाम गेला तो गेलाच. मांडववाले, बघा, तुमचं कारलंही त्या यादीत होतं.

जपाननं तर १९८६ पासून २००६ पर्यंत आपला आंबा घेतलाच नव्हता, कारण हीच माशी. आता युरोपला जाणाऱ्या फळाला ४८ अंशाच्या पाण्यात तासभर बुडवतात, जपानच्या मालाला गरम वाफ. अमेरिकेच्या आंब्याला २००७ पासून किरण देतात, लासलगावला त्याचं केंद्र आहे. वाशीलाही आहे.

---

भिंगवाला
२२ ऑगस्ट, सकाळी ८:३०

किरणांवरून एक गंमत. फळमाशीसाठी १५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एवढी मात्रा पुरते, आंब्याला ४०० देतात, कारण कोयीतला भुंगाही धरावा लागतो. पण या मात्रेनं अळी जागच्या जागी मरतेच असं नाही. ती पुढं माशी होऊ शकत नाही, एवढीच हमी असते. म्हणजे प्रक्रिया केलेल्या आंब्यात जिवंत अळी दिसली तरी तो माल नियमात बसतो. गरम पाण्याच्या मालात जिवंत अळी दिसली तर मात्र प्रक्रिया फसली म्हणायची.

आणि जातीच्या ओळखीत फक्त आपलीच फसगत होते असं समजू नका. २००३ मध्ये केनियात एक नवी फळमाशी सापडली, २००५ मध्ये तिला बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स असं वेगळं नाव दिलं, तिच्यावर ढीगभर लेख निघाले, व्यापाराचे नियम बदलले. २०१५ मध्ये ठरलं की ती आपली डॉर्सॅलिसच. आशियातल्या आणखी दोन "जाती"ही त्यातच विरघळल्या.

---

जुनाजाणता
२२ ऑगस्ट, सकाळी ११:००

मिथाइल युजेनॉलचा शोध कसा लागला हेही सांगा की. हॉवलेट नावाचा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ बिहारमध्ये पुसा इथल्या संस्थेत होता, १९१२ च्या सुमारास. असं सांगतात की त्याच्या शेजाऱ्यानं डास येऊ नयेत म्हणून रुमालाला सिट्रोनेला तेल लावलं, तर डासांऐवजी फळमाश्यांचाच थवा रुमालावर बसला. हॉवलेटनं बघितलं तर सगळे नर. तिथून पुढं शोधत शोधत मिथाइल युजेनॉलपर्यंत गाडी गेली. तुळशीतही ते असतं. आमच्याकडे पूर्वी तुळशीची पानं चुरगाळून, त्यात विषारी औषधाचे दोन थेंब घालून वाटी टांगायचे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा मिथाइल युजेनॉलवर चालणारा 'रक्षक' सापळा तर सगळ्यांना माहीतच आहे.

---

खरंखोटं
२२ ऑगस्ट, सकाळी ११:२०

तुळशीचा उपाय स्वस्त आहे, मग ल्यूर विकत का घ्यायचं?

---

जुनाजाणता
२२ ऑगस्ट, सकाळी ११:३२

पानं एक-दोन दिवसांत सुकतात, ल्यूर आठवडे टिकतं. शिवाय कारल्यात तुळस टांगली तरी मांडववाल्यांना उपयोग शून्य. वरचं परत वाचा.

---

मांडववाला
१४ सप्टेंबर, रात्री ९:०५

मंडळी, निकाल लागला. फोटो ४ ते ९ बघा.

कारल्याच्या बरणीतून निघालेल्या सगळ्या माश्या एका चेहऱ्याच्या. तांबूस-तपकिरी अंग, पाठीवर तीन पिवळे पट्टे, दोन कडेला आणि एक मध्ये. पंखाच्या टोकाशी मोठा गडद ठिपका आणि पंखात आडवी पट्टीही.

पेरूच्या बरणीत दोन प्रकार निघाले. एकीची पाठ काळी, दोन्ही कडांना पिवळे पट्टे, मधला पट्टा नाही. पोटावर काळी खूण. पंखाच्या वरच्या कडेनं काळी पट्टी टोकापर्यंत सलग. दुसरी एकूण फिकट, तांबूस, आणि तिच्या पंखाच्या कडेला सलग पट्टी नाही, फक्त टोकाशी ठिपका.

आणि हे काय आहे? फोटो ९. पेरूच्या एका कोषातून माशी नाही, बारीक कमरेची, लांब मिशांची गांधीलमाशी निघाली. आबा म्हणतात, "बघ, कोषात दुसरंच कोणी राहतं." त्यांना काय बोलायला मोकळीक मिळालीय म्हणून सांगू.

---

भिंगवाला
१४ सप्टेंबर, रात्री ११:५०

सुंदर फोटो. तीन-चार दिवस थांबलात म्हणून पट्टे असे स्वच्छ आलेत.

कारल्यातली झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. मधला पिवळा पट्टा आणि पंखातली आडवी पट्टी, दोन्ही आहे, शंका नाही. आबांना सांगा, त्यांचं बरोबर. पेरूतली काळ्या पाठीची डॉर्सॅलिस, पोटावर टी आकाराची खूण दिसतेय. दुसरी झोनाटा असावी. करेक्टाच्याही पंखाच्या टोकाशी ठिपका असतो, म्हणून तिच्या चेहऱ्याचा समोरून फोटो हवा. करेक्टाच्या तोंडावर आडवी काळी पट्टी असते, झोनाटाला दोन सुटे ठिपके. पेरूपुरता सापळ्याला फरक पडत नाही, दोघींना मिथाइल युजेनॉल चालतं. पण नोंद करायची तर नीट करू.

फोटो ९ मधली तुमची पाहुणी नाही, मदतनीस आहे. ही परजीवी गांधीलमाशी. अशांपैकी काही माशीच्या अंड्यात अंडं घालतात, काही अळीत. आतलं पिल्लू माशीला खाऊन तिच्याच कोषातून बाहेर येतं. एवढ्या बारीक गांधीलमाशीची जात फोटोवरून सांगणं माझ्या आवाक्यात नाही, ती नमुन्यासोबत केंद्रात द्या. आणि पेरूवर दिसेल ते औषध मारायच्या आधी हिचा विचार करा. पडलेली फळं गाडण्याऐवजी बारीक जाळीच्या पेटीत ठेवली तर माश्या आत अडकतात आणि या बारीक गांधीलमाश्या जाळीतून निसटून परत बागेत जातात. जाळीचं भोक तेवढं मोजूनमापून घ्यावं लागतं.

---

मांडववाला
१५ सप्टेंबर, सकाळी ७:२०

समोरून फोटो काढतो, फ्रीझरमधल्या अजून आहेत (परवानगी तोंडी मिळालीय, लेखी नाही).

क्यू ल्यूर तालुक्याला मिळालं नाही, बारामतीहून मागवलंय. दुकानदाराला माश्या नेऊन दाखवल्या. तो बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, दोन्ही ल्यूर एकाच बाटलीत टाकले तर? काय सांगू त्याला?

---

भिंगवाला
१५ सप्टेंबर, सकाळी ८:१०

नको म्हणावं. वेगळ्या बाटल्या, वेगळ्या जागी. बाटलीवर ल्यूरचं नाव आणि लावल्याची तारीख. एकत्र केलं तर कोणती माशी कशामुळं आली ते कळणार नाही. क्यू ल्यूरची बाटली मांडवात, फळांच्या उंचीला, सावलीच्या बाजूला टांगा. आणि सापळे येईपर्यंत डंख लागलेली कारली रोज तोडून पिशवीत बांधत राहा, कारण सापळा नर धरेल. आज कारल्यात आहेत त्या अळ्यांना तो काही करणार नाही.

---

दोडका_शेतकरी
१५ सप्टेंबर, दुपारी १२:४०

नवीन सदस्य आहे, धागा पूर्ण वाचला. माझ्या दोडक्यात फळ तर ठीक आहे पण नर फुलं गळतायत आणि फुलात बारीक पांढऱ्या अळ्या आहेत. हीच माशी फुलातही जाते का?

---

भिंगवाला
१५ सप्टेंबर, दुपारी १:०५

जाते. कुकुर्बिटी फुलात आणि कोवळ्या खोडातही अंडी घालते. फुलं नुकती गळालेली असतील तर ओंजळभर गोळा करून वर लिहिलंय तशी बरणी लावा आणि अळीच्या मागच्या टोकाचा फोटो नवीन धाग्यात टाका.